दोन फळ्यांच्या मधोमध

कोटाची कॉलर वर ओढून घ्या. ऱ्हाईनवरून येणारा वारा कानांना झोंबतोय. तुम्ही स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात आहात, तारीख २१ जानेवारी १९३७, आणि दिवस कलायला लागलाय. पुलावर क्षणभर थांबून खाली बघा. एक लाकडी होडी पलीकडे निघाली आहे. तिला इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलेली, त्या तारेला होडी दोराने अडकवलेली, आणि प्रवाहाचाच जोर तिला पैलतीरी नेतो.

इथून पायी निघालात तर तासाभरात जर्मनीची हद्द लागेल. तिथे हिटलरला सत्तेवर येऊन चार वर्षं होत आली. संगीतकार पॉल हिंदेमिथच्या रचना वाजवायला गेल्याच वर्षी बंदी आली. लोकांनी काय ऐकायचं हे तिथे सरकार ठरवतं. या शहरात मात्र एका तीस वर्षांच्या माणसाने आपल्यापुरतं वेगळंच ठरवलंय, आणि त्याच्या मैफलीला आपण निघालो आहोत.

त्याचं नाव पॉल झाखर. १९२६ साली, विशीत असताना, त्याने ‘बासेल चेंबर ऑर्केस्ट्रा’ उभा केला. शंभर वादकांचा ताफा नव्हे, आटोपशीर वाद्यवृंद. मोठे वाद्यवृंद एकोणिसाव्या शतकातल्या त्याच त्या सिंफनी पुन्हा पुन्हा वाजवत होते. झाखरने तो मधला भागच वगळला. एका बाजूला बाख, हायडन, मोत्सार्ट आणि त्यांच्याही आधीचे विस्मरणात गेलेले लोक; दुसऱ्या बाजूला आज, या घडीला लिहिणारे रचनाकार. दोघांना शेजारी बसवायचं. जिवंत रचनाकाराला पत्र लिहायचं, मानधन द्यायचं, पुरेशा तालमी करायच्या आणि त्याच्यासमोर त्याचं काम वाजवायचं.

पैसा होता म्हणून हे जमलं, असं कोणी म्हणेल. पैसा खरोखरच आला. त्याची पत्नी माया हॉफमन-ला रोश या औषध कंपनीच्या घराण्यातली. पण ते लग्न १९३४चं. वाद्यवृंद त्याच्या आठ वर्षं आधीचा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आत चला, कोट काढा. आजची मैफल वाद्यवृंदाच्या दहा वर्षांच्या वाढदिवसाची. गेल्या जूनमध्ये झाखरने बुडापेस्टला रचनाकार बेला बार्तोकला पत्र घातलं: आमच्यासाठी एक नवी रचना द्याल का? ७ सप्टेंबरला बार्तोकने शेवटचा सूर लिहिला. मग नोव्हेंबरमध्ये तो तुर्कस्तानात गेला, खेड्यापाड्यांतल्या लोकांची गाणी फोनोग्राफवर उतरवून घ्यायला. तीस वर्षं तो हेच करत आलाय. हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकिया. मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांचे आवाज. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या कोणीतरी अशाच बसून लिहून घेतल्या, तसंच ते काम.

बघा, तो आला. पंचावन्न वर्षांचा, किरकोळ अंगाचा, पांढऱ्या केसांचा. एखाद्या महाविद्यालयातला अबोल प्राध्यापक वाटावा. डोळे मात्र तसे नाहीत.

आता रंगमंचाकडे लक्ष द्या, कारण आजची गंमत बैठकीतच आहे. तंतुवाद्यांच्या दोन फळ्या केल्यात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींकडे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास. मधोमध पियानो, हार्प, झायलोफोन, ढोल, टिंपनी आणि सेलेस्टा. सेलेस्टा दिसायला लहानशा पियानोसारखी, पण आत तारा नाहीत. पट्टी दाबली की हातोडी धातूच्या पट्टीवर पडते आणि काचेवर थेंब पडावा तसा सूर निघतो. रचनेचं नावही सरळ यादीसारखं आहे: ‘तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टासाठी संगीत’.

झाखरचा हात उठला. काही ऐकू येतंय? कान द्या. व्हायोलांवर म्यूट चढवलेत, त्यामुळे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा. पाश्चात्त्य स्वरलिपीतला ‘ए’ आपण सा मानू. एक चाल त्या सा-पासून निघते आणि जेमतेम पंचमापर्यंतच्या जागेत, कोमल-शुद्ध स्वरांना अगदी चिकटून सरपटते. मग तीच चाल पंचमावरून दुसऱ्यांनी उचलली. मग चेलोंनी तीच खाली मध्यमावरून. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. हा फ्यूग. बाखच्या काळातला साचा, दोनशे वर्षांचा. आणि त्यात वाजतंय ते याआधी या सभागृहात कोणी ऐकलेलं नाही.

आवाज वाढतोय. म्यूट निघाले. छातीवर दाब येतोय ना? वर निघालेली चाल आणि खाली निघालेली चाल सा-पासून दूर दूर जात शेवटी एकाच स्वरावर भेटतात. तो तीव्र मध्यम. सप्तकात सा-पासून याहून लांबची जागा नाही. सगळ्या तारा त्या एका स्वरावर, ढोलाचा घाव, आणि तुमच्या शेजारच्या बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरलाय.

मग परतीची वाट. चाल उलटी होते, आवाज ओसरतो, सेलेस्टा पहिल्यांदा चमकून जाते. शेवटी दोन व्हायोलिनं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं होऊन त्याच सा-वर येऊन विसावतात. मी ही जागा कितीदा ऐकली असेन, प्रत्येक वेळी श्वास धरला जातो.

दुसऱ्या भागात दोन्ही फळ्या एकमेकींना सवालजवाब करतात. वादक तार इतकी जोरात ओढतात की ती खालच्या लाकडावर फटकन आपटते.

तिसऱ्या भागात दिवे मंदावल्यासारखे वाटतील. ते मंदावलेले नाहीत. झायलोफोनवर एकच उंच सूर, आधी विरळ, मग दाट, मग पुन्हा विरळ. टिंपनीवाल्याच्या पायाकडे बघा. तो वाजवता वाजवता पेडल दाबतोय आणि सूर घसरत जातोय. आपला तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा काढतो, तोच हा प्रकार, फक्त भलामोठा. रात्री रानात किडे ओरडतात, लांब काहीतरी हलतं, तसं हे संगीत आहे. पुढे १९८० मध्ये स्टॅनली क्युब्रिक हाच भाग ‘द शायनिंग’ या चित्रपटात वापरेल आणि पुष्कळांना त्याची फक्त भीतीच लक्षात राहील. मला तो भीतीपेक्षा एकांताचा वाटतो.

शेवटच्या भागात पाय आपोआप हलू लागतील. आठ मात्रांचे दोन-तीन-तीन असे तुकडे, बल्गेरियातल्या नाचाची लय. ज्या गावांत बार्तोक फोनोग्राफ घेऊन हिंडला, ती गावं आता या सभागृहात आली आहेत. आणि मध्येच पहिल्या भागातली ती सरपटणारी चाल पुन्हा येते, पण आता तिच्या स्वरांमधली अंतरं रुंदावली आहेत. अंग चोरून बसलेल्या माणसाने उठून हात पसरावेत, तशी.

टाळ्या वाजवा. मनापासून वाजवा, कारण पुढचं तुम्हाला ठाऊक आहे आणि इथे कोणालाच नाही. १९३९च्या ऑगस्टमध्ये झाखरच्या सांगण्यावरून, त्यानेच दिलेल्या डोंगरातल्या घरात बसून, बार्तोक अवघ्या पंधरा दिवसांत ‘डायव्हर्टिमेंटो’ लिहील. महिना सरताच महायुद्ध सुरू होईल. ११ जून १९४० रोजी हाच वाद्यवृंद ते पहिल्यांदा वाजवेल, आणि तीन दिवसांनी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरतील. त्याच ऑक्टोबरात बार्तोक अमेरिकेला जाईल आणि १९४५ मध्ये न्यूयॉर्कला वारेल. झाखर १९९९ पर्यंत जगेल. स्ट्राव्हिन्स्की, होनेगर, मार्टिनू, रिचर्ड स्ट्राउस, सगळ्यांकडून तो नवं लिहवून घेत राहील.

आता परत या. ही रचना साधारण अर्ध्या तासाची आहे आणि सहज मिळते. ती हेडफोन लावूनच ऐका, म्हणजे दोन फळ्या दोन कानांत नीट बसतील. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. व्हायोला वाजतायत. थोडं थांबा.