जुनाट वेदना आणि मदतनीस कुत्रा: घरच्या घरी काय शिकवता येते, काय नाही

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. सावदा, फैजपूर, रावेर या केळीच्या पट्ट्यात तिची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. वर्षानुवर्षे घड वाहिल्यावर मागे लागलेली कंबरदुखी, गुडघ्यांची झीज, आमवात, चिकनगुनिया होऊन गेल्यावरही न सुटलेले सांधे, अंगभर दुखणारा फायब्रोमायल्जिया... कारण वेगवेगळे असले तरी तक्रार बऱ्याचदा एकच असते: "डॉक्टर, गोळीने थोडं बरं वाटतं, पण घरातली साधी कामं होत नाहीत."

परदेशात अशा रुग्णांना मदत करणारे, शिकवून तयार केलेले कुत्रे असतात हे तुम्ही मोबाईलवर पाहिले असेल. आपल्याकडे असे जमेल का, हा प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, घरातली काही कामे कुत्रा नक्की शिकू शकतो. पण तुमचे दुखणे तो बरे करत नाही, आणि चुकीच्या घरात आलेला कुत्रा दुखणे वाढवूही शकतो.

मदतनीस कुत्रा म्हणजे नक्की कोणता?

घरी पाळलेला लाडका कुत्रा, थेरपी डॉग आणि मदतनीस कुत्रा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. थेरपी डॉग आपल्या प्रशिक्षकाबरोबर रुग्णालयात किंवा शाळेत जातो, तिथल्या लोकांना सोबत देतो आणि परत जातो. महाराष्ट्रात मुंबईच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने या प्रकारचे काम केले आहे. मदतनीस कुत्रा मात्र एकाच व्यक्तीसाठी असतो आणि तिला न जमणारी ठरावीक कामे करतो. अंध व्यक्तींना रस्ता दाखवणारे कुत्रे त्याआधीपासून होते. हालचालीला अडचण असलेल्या माणसांसाठी कुत्रे तयार करण्याचे काम अमेरिकेत १९७५ च्या सुमारास सुरू झाले.

थेरपी डॉगबद्दलचा एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. पिट्सबर्गच्या वेदना उपचार केंद्रात काही रुग्णांनी डॉक्टरांची वाट पाहताना थोडा वेळ कुत्र्याबरोबर घालवला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी २३ टक्के रुग्णांचे दुखणे जाणवण्याइतके कमी झाले. नुसते बाकावर बसून राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होते. आकडा चांगला आहे, पण तो त्या काही मिनिटांचा आहे. महिनाभराने काय झाले हे त्यातून कळत नाही. म्हणून "कुत्रा पाळा, गोळ्या बंद करा" असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

मग उपयोग कुठे होतो? वाकण्यात. दिवसभरात आपण किती वेळा वाकतो हे कुणी मोजत नाही. पडलेली किल्ली, चष्मा, टॉवेल, खाटेखाली गेलेली चप्पल, हातातून सुटलेली काठी. निरोगी माणसाला याचे काही वाटत नाही. जुनाट वेदनेत मज्जासंस्था जास्त संवेदनशील झालेली असते, त्यामुळे सकाळच्या अशा चार-सहा हिसक्यांची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. हे हिसके वाचले तर तेवढी ताकद फिरायला, व्यायामाला, स्वयंपाकाला उरते.

आधी घराचा विचार

सावद्यात तयार मदतनीस कुत्रा देणारी संस्था नाही. म्हणजे शिकवायचे तुम्हालाच, घरच्यांच्या मदतीने. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असिस्टन्स डॉग पार्टनर्स या संघटनेच्या किमान निकषानुसार असा कुत्रा तयार करायला सहा महिन्यांत निदान १२० तास लागतात, आणि त्यातले ३० तास घराबाहेरच्या सरावाचे असतात. तुम्हाला त्याच्याकडून फक्त घरातली दोन-तीन कामे हवी असतील तर इतके लागणार नाही, पण महिने लागतीलच.

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एक प्रश्न विचारा: दुखणे उलटून मी चार दिवस खाटेवर असेन तेव्हा पहाटे कुत्र्याला बाहेर कोण नेणार? उत्तरात एका माणसाचे नाव आले पाहिजे. "बघू, कुणीतरी नेईल" असे उत्तर आले तर कुत्रा आणू नका. हे कठोर वाटेल, पण नंतर तो दारात बांधून ठेवलेला पाहण्यापेक्षा बरे. एकटे राहत असाल तर शेजारच्यांशी आधी बोलून ठेवा.

पिल्लू आणण्याचा मोह टाळा. पिल्लू पायात येते, चावते, रात्री उठवते, आणि ते पुढे कसे निघेल हे सांगता येत नाही. एक-दोन वर्षांचा, स्वभाव कळलेला कुत्रा बरा. भांडे पडल्यावर दचकला तरी लगेच सावरतो का? माणसामागे आपणहून येतो का? ताटलीजवळ हात नेल्यावर गुरगुरत नाही ना? हे पाहा. जातीचा आग्रह नको. लॅब्रॅडॉर शिकायला उत्तम, पण जळगाव जिल्ह्यातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याचे हाल होतात. शांत स्वभावाचा गावठी कुत्रा उचल-आणीची कामे व्यवस्थित शिकतो, आणि आपली हवा त्याला मानवते. घरी आणण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी, रेबीजसह सर्व लसी, जंतनाशक, गोचिडांवरचे औषध आणि नसबंदी यांची व्यवस्था लावा.

उचलून आणायला शिकवणे

सर्वांत उपयोगी काम हेच, म्हणून इथूनच सुरुवात करा. तुम्ही खुर्चीवर किंवा खाटेच्या कडेला, पाठीला टेका देऊन बसा. बक्षिसाची वाटी हाताच्या उंचीवर, स्टुलावर ठेवा. वाटाण्याएवढे पनीरचे किंवा उकडलेल्या अंड्याचे तुकडे पुरतात. प्रत्येक वेळी खाली वाकून घास द्यावा लागत असेल तर शिकवण्यातच कंबर जाईल. त्यापेक्षा तुकडा जमिनीवर टाका किंवा लांब दांड्याच्या चमच्याने द्या.

पहिल्यांदा एक जुना, गाठ मारलेला पंचा समोर धरा. कुत्र्याने नाक लावले की लगेच "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. शब्द आणि तुकडा यांत वेळ जाऊ देऊ नका, नाहीतर त्याला कशाबद्दल मिळाले ते कळत नाही. दोन-तीन दिवसांनी नुसत्या नाक लावण्याला काही देऊ नका. तोंडात धरले तरच द्या. मग क्षणभर धरून ठेवले तर, मग जमिनीवरून उचलले तर, मग तुमच्या मांडीवर आणून ठेवले तर. एखादी पायरी जमेना तर आधीच्या पायरीवर या. रागावू नका, कारण ओरडा खाल्लेला कुत्रा वस्तू तोंडात धरायलाच घाबरू लागतो.

पंचा जमला की लाकडी लाटणे, मग कापडी कव्हरातला जुना मोबाईल, मग काठी. धातू बऱ्याच कुत्र्यांना तोंडात धरायला आवडत नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला जाड सुतळीचा गोंडा बांधलात तर अडचण सुटते.

वेळ तीन ते पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. कुत्र्याला इतकेच झेपते, आणि तुम्हालाही. दुखणे कमी असलेल्या दिवशी उत्साहाने तासभर शिकवायचे आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायचे, ही चूक वेदनेचे रुग्ण शेतात करतात तशीच इथेही करतात. बरे वाटले तरी घड्याळ पाहून थांबा.

शब्द घरातल्या बोलीतले वापरा. लेवा बोली असो की अहिराणी, कुत्र्याला फरक पडत नाही; घरातल्या प्रत्येकाने तोच शब्द वापरला पाहिजे एवढेच. आजी एक म्हणते, नातू इंग्रजीत "फेच" म्हणतो, आणि कुत्रा दोघांकडे पाहत बसतो, असे होते. आणि खोलीत शिकलेले ओट्यावर आपोआप येत नाही. प्रत्येक नव्या जागी पहिल्यापासून, पण भराभर, पुन्हा शिकवावे लागते.

उचलून आणणे पक्के झाले की पुढची कामे सोपी जातात. कपाटाच्या कडीला दोरी बांधून ती ओढून दार उघडणे, पायमोज्याचे टोक धरून ओढणे, तुम्ही ठरलेला शब्द उच्चारल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जाऊन त्याला बोलावून आणणे. हे शेवटचे काम रात्री न्हाणीघरात अडकून पडणाऱ्या रुग्णाला फार मोलाचे आहे.

काय शिकवू नये

कुत्र्यावर भार देऊन उठणे शिकवू नका. परदेशी व्हिडिओत हे दिसते, पण तिथे कुत्रा मोठा, पूर्ण वाढलेला, खुब्याचे एक्स-रे काढून तपासलेला असतो आणि त्याच्या अंगावर खास पट्टा असतो. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्यावर साठ किलोचा माणूस टेकला तर दोघेही पडतील. त्यासाठी काठी, वॉकर आणि संडासात भिंतीला लावलेला दांडा आहे.

कुत्र्यामुळे पडण्याचा धोका खरा आहे. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात कुत्र्या-मांजरांमुळे पडून दरवर्षी सुमारे ८६ हजार लोक जखमी होऊन उपचाराला आले, आणि त्यांतले बहुतेक कुत्र्यांमुळे. म्हणून "थांब" आणि "जागेवर जा" हे दोन शब्द उचलण्याच्याही आधी पक्के करा. साखळी मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नका. ओढणाऱ्या कुत्र्याला गळ्याऐवजी छातीवर कडी असलेला पट्टा घाला. खांद्याला बसणारा हिसका कमी होतो.

औषधांबाबत सावध राहा

औषधाची पिशवी आणून देणे हे काम अनेकांना हवे असते. पण आपली रोजची वेदनाशामके, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुत्र्याला विषारी ठरू शकतात. प्लास्टिकचे पाकीट त्याच्या दातांपुढे टिकत नाही. गोळ्या घट्ट झाकणाच्या, जाड डब्यात ठेवा आणि डबा कापडी पिशवीत घालून ती उचलायला शिकवा. एरवी तो डबा त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. गुडघ्याला मलम लावले असेल तर ते चाटू देऊ नका. वर कापड गुंडाळा. गोळी गिळल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पाकीट घेऊन पशुवैद्यांकडे जा.

तुम्ही आमवातासाठी मेथोट्रेक्झेट, स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शने घेत असाल तर कुत्रा आणण्याआधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, आणि लहानसा ओरखडाही चिघळू शकतो. घरचा, लस घेतलेला कुत्रा असला तरी दात लागून रक्त आले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

उन्हाळा आणि चालणे

नियमित चालणे हा कंबरदुखी आणि गुडघेदुखीवरचा उपयोगी उपचार आहे, आणि कुत्रा असला की चालणे टळत नाही. मार्च ते जूनमध्ये मात्र सूर्य वर येण्याआधी किंवा चांगला अंधार पडल्यावरच निघा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. केळीच्या बागेतून नेत असाल तर फवारणी झालेल्या भागातून नेऊ नका.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या कायद्यात मदतनीस कुत्र्याला दुकानात, बसमध्ये, रुग्णालयात नेण्याचा हक्क आहे. तो कुत्रा मालकाने स्वतः शिकवलेला चालतो, आणि तिथेही नोंदणी कार्ड लागत नाही. आपल्याकडे असा स्पष्ट हक्क नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत नुसती जुनाट वेदना येत नाही. त्यामुळे हालचालीवर परिणाम झाला असेल तर चलनवलनविषयक दिव्यांगत्वाची तपासणी होऊ शकते. तेव्हा ऑनलाइन विकत मिळणारे "सर्व्हिस डॉग" प्रमाणपत्र आणि लाल जॅकेट यांवर पैसे घालवू नका. दवाखान्यात किंवा एसटीत नेण्याआधी विचारा. रेल्वेत कुत्र्यासाठी एसी फर्स्टचा पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो किंवा त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागते. भुसावळहून निघण्याआधी पार्सल कार्यालयात चौकशी करा.

कुत्रा असो वा नसो, दुखण्याबरोबर पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. ताप येत असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल तर तपासणी लांबवू नका.

तीन महिने नीट प्रयत्न करूनही कुत्र्याला यात रस नसेल, तर तो फक्त घरचा कुत्रा म्हणून राहू द्या आणि बाजारातून लांब दांड्याचा चिमटा आणा. पडलेली किल्ली त्यानेही उचलता येते.