स्क्रम: आठ खांद्यांचा एकच रेटा

इंग्लंडमधील ब्रायटन येथे १९ सप्टेंबर २०१५ रोजी झालेल्या विश्वचषक रग्बी सामन्याची अखेरची मिनिटे सुरू होती. दोन वेळा जगज्जेता ठरलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ ३२-२९ असा आघाडीवर होता. त्याआधीच्या सर्व विश्वचषकांत मिळून अवघा एक सामना जिंकलेल्या जपानला प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेजवळ पेनल्टी मिळाली. चेंडू गोलखांबांमधून मारला असता, तर तीन गुणांनी बरोबरी साधली असती आणि तेवढ्यानेही जपानमध्ये दिवाळी झाली असती. कर्णधार मायकेल लीचने मात्र स्क्रम मागितला. प्रशिक्षक एडी जोन्स यांना बरोबरीच हवी होती, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. आफ्रिकेचा प्रॉप कोएनी ऊस्टहाउझेन त्या वेळी पिवळ्या कार्डामुळे मैदानाबाहेर होता. स्क्रममधून आलेला चेंडू जपानने आधी जवळजवळच पुढे रेटला, मग मैदानाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवला आणि आमानाकी माफीच्या पासवर कार्न हेस्केथने डाव्या कोपऱ्यात ट्राय नोंदविला. जपान ३४-३२ असा जिंकला.

या निकालाची चर्चा खूप झाली. पण तो ज्या निर्णयातून आला, त्याचे वैशिष्ट्य रग्बीच्या जाणकारांनाच अधिक कळले. स्क्रम हे दक्षिण आफ्रिकेचे परंपरागत शस्त्र. १९३७ च्या न्यूझीलंड दौऱ्यातील निर्णायक कसोटीपूर्वी पॉल रूस यांनी आपल्या संघाला पाठविलेल्या तारेत ‘स्क्रम’ हा एकच शब्द तीनदा लिहिला होता, असे सांगितले जाते. तो सामना आफ्रिकेने १७-६ असा जिंकला. अशा संघासमोर अंगापिंडाने लहान असलेल्या जपानने शेवटच्या क्षणी स्क्रमच मागावा, याचा अर्थ त्यामागे वर्षांची तयारी होती. फ्रान्सचे माजी हूकर मार्क दाल मासो यांच्याकडे जपानी स्क्रमची जबाबदारी होती, तर इंग्लंडचे माजी कर्णधार स्टीव्ह बोर्थविक हे लाइनआउटची बाजू पाहत होते. स्क्रम वजनाने जिंकता येतो ही समजूत किती अपुरी आहे, हे या संघाने दाखवून दिले.

रचना आणि तिचे मर्म

चेंडू हातून पुढे पडला किंवा पुढे फेकला गेला, तर खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी पंच स्क्रम देतात. प्रत्येक संघाचे आठ खेळाडू तीन, चार आणि एक अशा रांगांत एकमेकांना घट्ट धरून वाकतात. पहिल्या रांगेत मध्यभागी हूकर आणि त्याच्या दोन बाजूंना प्रॉप असतात. डावीकडच्या प्रॉपचे डावे खांद्याकडचे अंग मोकळे राहते. त्याला लूजहेड म्हणतात. उजवीकडच्या टाइटहेड प्रॉपचे डोके मात्र प्रतिस्पर्धी प्रॉप व हूकर यांच्यामध्ये अडकलेले असते आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो. संघातील सर्वांत अवघड आणि टाळ्या क्वचितच मिळणारी जागा ती हीच. दुसऱ्या रांगेत दोन लॉक, त्यांच्या बाजूंना दोन फ्लँकर आणि सर्वांत मागे आठव्या क्रमांकाचा खेळाडू. स्क्रम-हाफ डाव्या बाजूने चेंडू आत सोडतो व हूकर तो टाचेने मागे ओढतो.

आंतरराष्ट्रीय संघातील या आठ जणांचे एकत्रित वजन नऊशे किलोंच्या आसपास भरते. परंतु हे वजन समोरच्या संघापर्यंत पोहोचते की वाटेतच जिरते, हा खरा प्रश्न आहे. एखाद्याची पाठ कमानीसारखी वाकली, एखाद्याचे कोपर सैल पडले किंवा लॉकचा खांदा प्रॉपच्या मांडीवरून निसटला, की मागून आलेला रेटा तिथेच विरतो. दहीहंडीच्या खालच्या थरात जसे एकाचे पाऊल हलले की वरचे सगळे थर डळमळतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे भार आडवा येतो आणि समोरून तेवढाच भार उलटा येत असतो.

म्हणून चांगला प्रशिक्षक ताकदीपूर्वी शरीराची ठेवण शिकवितो. पावले खांद्यांइतकी रुंद, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, खांदे कमरेच्या पातळीपेक्षा कधीही खाली नाहीत, हनुवटी छातीपासून दूर आणि नजर वर. यातील हनुवटीचा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण मान वाकलेल्या अवस्थेत दाब आला, तर मणक्याला गंभीर इजा होऊ शकते. सराव एकास एक, गुडघ्यांवर टेकून सुरू होतो. मग तीन विरुद्ध तीन, पाच विरुद्ध पाच आणि शेवटी आठ विरुद्ध आठ. या पायऱ्या गाळण्याचा मोह अनेक क्लबांना होतो. शाळकरी वयात तो धोक्याचा ठरतो. एकोणीस वर्षांखालील सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा अधिक पुढे ढकलता येत नाही, हा नियम त्याच काळजीतून आला आहे.

रेटा देण्यासाठी वजनदार यंत्र वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे. यंत्रावर एकत्र बांधणी आणि पायांची लय उत्तम बसते. पण यंत्र तिरके वळत नाही, खाली खेचत नाही आणि फसवतही नाही. सगळा सराव त्याच्यावर केलेल्या संघाला खऱ्या प्रॉपसमोर पहिल्याच स्क्रममध्ये धक्का बसतो, तो यामुळे.

कमी वजनाच्या संघांसाठी सर्वांत मोलाचा धडा अर्जेंटिनाने दिला. ब्युनॉस आयर्समधील सान इसिद्रो क्लबचे फ्रान्सिस्को ओकाम्पो यांनी १९६० च्या दशकात ‘बाहादा’ ही पद्धत घडविली. तिच्यात हूकर चेंडूसाठी पाय उचलत नाही. त्यामुळे आठही जणांचे सोळा पाय जमिनीत रुतलेले राहतात. इशारा होताच सर्व जण एकाच वेळी खाली बसतात आणि एकाच वेळी पाय सरळ करतात. रेट्याचा रोख बाजूंना न फाकता मध्यभागी हूकरकडे वळविलेला असतो. चेंडू मागे येत नाही, तर संघच चेंडूवरून पुढे जातो. कार्लोस ‘वेको’ विलेगास यांनी ही पद्धत पुढे नेली आणि अर्जेंटिनाचा स्क्रम जगभर धाक निर्माण करू लागला.

नियमांचा हात

पूर्वी दोन्ही गट काही अंतरावरून एकमेकांवर आदळत. पहिली धडक जिंकणारा बहुधा स्क्रमही जिंकत असे आणि मानेला सर्वाधिक धोकाही त्याच क्षणी असे. २००७ मध्ये पंचांच्या चार आज्ञांची पद्धत आली, २०१२ मध्ये ती तीनवर आली आणि २०१३ पासून प्रॉपने धडकेपूर्वीच समोरच्याची जर्सी धरणे बंधनकारक झाले. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या अभ्यासानुसार या बदलाने धडकेतील बल सुमारे २५ टक्क्यांनी घटते. पुढे २०२२ मध्ये हूकरने एक पाय टेकू म्हणून पुढे ठेवण्याची अटही आली. त्याने मानेवर आगाऊ येणारा भार कमी झाला. या बदलांमुळे प्रशिक्षकांचे कामही पालटले. आदळण्याची कला मागे पडली आणि धरल्यानंतर दाब कसा टिकवायचा, हे महत्त्वाचे ठरले. जपानसारख्या संघांना याचा लाभ झाला, असे मानण्यास जागा आहे.

स्क्रममधून चढाई

स्क्रम हे केवळ चेंडू मिळविण्याचे साधन नव्हे. सोळा खेळाडू काही चौरस मीटरमध्ये अडकलेले असतात आणि जवळपास सत्तर मीटर रुंदीच्या उरलेल्या मैदानात दोन्हीकडचे सात-सातच खेळाडू उरतात. चालू खेळात एवढी मोकळीक सहसा मिळत नाही. शिवाय मागच्या फळीतील खेळाडूंना स्क्रमच्या शेवटच्या पावलापासून पाच मीटर मागे राहावे लागते. लाइनआउटच्या वेळी हे अंतर दहा मीटर असते, म्हणजे दोन फळ्यांमध्ये वीस मीटरची पोकळी. नियोजित चढाया बहुधा या दोन ठिकाणांहूनच रचल्या जातात.

चढाईची पहिली चाल स्क्रमच्या आतच ठरते. हूकरने ओढलेला चेंडू डाव्या बाजूने झटकन बाहेर काढायचा, की आठव्या क्रमांकाच्या खेळाडूच्या पायांशी थांबवून ठेवायचा? झटपट चेंडूने मागच्या फळीला वेळ मिळतो. थांबविलेल्या चेंडूने प्रतिस्पर्धी फ्लँकर बांधलेले राहतात, कारण स्क्रम संपेपर्यंत त्यांना सुटता येत नाही. मात्र मागे सरकणाऱ्या स्क्रममध्ये चेंडू थांबविणे हा आत्मघातच.

यातली एक युक्ती प्रशिक्षकांच्या विशेष आवडीची आहे. आपला टाइटहेड प्रॉप किंचित पुढे सरकला, तर संपूर्ण स्क्रम थोडा वळतो. आपल्या उजवीकडचा प्रतिस्पर्धी फ्लँकर मागे ढकलला जातो आणि आपला आठव्या क्रमांकाचा खेळाडू उजवीकडे मोकळा होतो. प्रतिस्पर्धी स्क्रम-हाफ तर चेंडू सोडला त्या डाव्या बाजूला असतो. अशा वेळी आठवा खेळाडू चेंडू उचलून उजवीकडे धावतो आणि पहिला बचावपटू अंगावर येताच तो स्क्रम-हाफकडे देतो. त्या बाजूला विंगर उभा असला, की दोघांविरुद्ध तिघे असे गणित जमते. दिसायला साधी असलेली ही चाल एका प्रॉपच्या उजव्या खांद्यावर अवलंबून असते. सरावात मागची फळी एका मैदानावर आणि फॉरवर्ड दुसऱ्या मैदानावर राहिले, तर ती कधीच बसत नाही. वळण बेतानेच घ्यावे लागते. स्क्रम नव्वद अंशांपलीकडे फिरला, तर खेळ थांबतो आणि चेंडू ताब्यात नसलेल्या संघाला स्क्रम मिळतो.

दुसरे तत्त्व आहे आधी सवय लावण्याचे आणि मग ती मोडण्याचे. ब्रायटनच्या सामन्यात जपानचा सेंटर हारुमिची तातेकावा वारंवार आफ्रिकेच्या बचावफळीच्या दिशेने धडका देत होता. दुसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात लाइनआउटमधून पुन्हा तशीच रचना उभी राहिली. बचावपटू आत ओढले गेले आणि चेंडू मात्र तातेकावाकडून पुढे सरकला. कोतारो मात्सुशिमा फटीतून घुसला आणि त्याच्या पासवर आयुमू गोरोमारूने ट्राय केला. गोरोमारूच्याच किकने २९-२९ अशी बरोबरी झाली. आधीच्या धडकांतून फार मीटर मिळाले नव्हते. त्यांचा हिशेब इथे चुकता झाला.

जपानने हा धागा सोडला नाही. शिन हासेगावा यांच्या प्रशिक्षणाखाली आठ जणांच्या घट्ट बांधणीवर भर कायम राहिला. २८ सप्टेंबर २०१९ रोजी शिझुओका येथे आयर्लंडविरुद्ध पहिल्या सत्रात जपानने प्रतिस्पर्ध्यांच्या स्क्रमवर पेनल्टी मिळविली, तेव्हा प्रॉप गू जी-वोनने फोडलेली आरोळी त्या स्पर्धेतील अविस्मरणीय क्षणांपैकी एक ठरली. स्पर्धेपूर्वी जागतिक क्रमवारीत अव्वल असलेला आयर्लंड तो सामना १९-१२ असा हरला.

दक्षिण आफ्रिकेनेही धडा घेतला. २ नोव्हेंबर २०१९ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या स्क्रमने इंग्लंडकडून पेनल्टीमागून पेनल्टी वसूल केल्या आणि ३२-१२ असा विजय मिळविला. २०२३ च्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध डॅमियन विलेम्सेने स्वतःच्या गोलरेषेच्या बाजूला चेंडू झेलून ‘मार्क’ मागितला आणि किक मारण्याऐवजी स्क्रम निवडला. बचावाच्या क्षेत्रात असा पर्याय कोणी घेईल, याची कल्पना क्वचितच कोणी केली असेल. आफ्रिकेने तो सामना २९-२८ असा जिंकला. २०२४ च्या नियमबदलात फ्री किकऐवजी स्क्रम निवडण्याची मुभाच काढून टाकण्यात आली.

भारतात या खेळाचे जुने ठाणे मुंबईतील बॉम्बे जिमखाना हे आहे; अभिनेते राहुल बोस हेही भारताकडून स्क्रम-हाफ व विंगर म्हणून खेळले. भारतीय संघांचा भर मात्र सात जणांच्या रग्बीवर अधिक, आणि त्यात स्क्रम तीन-तीन खेळाडूंचाच असतो. पंधरा जणांच्या खेळातही भारताने पाय रोवायला सुरुवात केली आहे. जून २०१९ मध्ये महिला संघाने सिंगापूरला २१-१९ असे हरवून या प्रकारातील पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. मुंबईत रग्बी रंगतो तो पावसाळ्यात. चिखलात लांब पाऊल टाकले की पाय घसरतो आणि मागच्या सात जणांचा भार एकाच्या मानेवर येतो. म्हणून ओल्या मैदानावर गुडघे अधिक वाकवून, वीतभर अंतराची पावले टाकत रेटा द्यायचा असतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, फक्त आठ जण आणि ‘आता’ म्हणणारा एक आवाज लागतो.