शनिवार तेली

* जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली ज्यू. शनिवारी, शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत म्हणून हे नाव. वाचकाने त्यात शनीला तेल वाहणं शोधू नये. तरी शनीचा धागा अगदीच परका नाही. बाराव्या शतकातल्या ज्यू विद्वान अब्राहम इब्न एझ्राच्या मते शनिवारी शनीचा अंमल. त्या दिवशी संसाराची कामं टाळून देवाचं चिंतन करावं. ‘सेफेर यत्झिरा’ या गूढग्रंथात तर हिब्रूची २२ अक्षरंच वाटून दिली आहेत : ७ ग्रहांना, १२ राशींना, उरलेली ३ हवा, पाणी, अग्नी यांना. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसने मात्र फलज्योतिष साफ मूर्खपणाचं ठरवलं. घाण्यावरचा तेली यातलं काही जाणत होता, असं मानायला आधार नाही. – संपा.