लाल, पांढरा, निळा : टर्कीचे रंग

टर्की पक्ष्याच्या हिंदुस्थानातील इतिहासात आपल्या गोव्याचे नाव आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्यात खरेदी केलेल्या नवलाईच्या जिनसांबरोबर हा मूळचा अमेरिकी पक्षी जहांगीर बादशहापुढे आणला. त्याचे डोके घटकेत लाल, घटकेत पांढरे, तर कधी निळसर होते, हे बादशहाने आत्मवृत्तात टिपून ठेवले. मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

हेच तीन रंग अमेरिकेत शिकाऱ्याच्या जिवावर बेततात, हे वाचून आम्ही चकित झालो. वसंतात तेथे नर टर्कीची शिकार होते. शिकारी झाडीच्या रंगाचे कपडे घालून, बुंध्याला टेकून मादीचा आवाज काढतो. कधी त्या आवाजाला फसून दुसरा शिकारीच सरपटत येतो. मग खिशातून डोकावणारा लाल रुमालही घातक ठरतो. म्हणून हे तिन्ही रंग अंगावर वर्ज्य. चाप ओढण्यापूर्वी पूर्ण पक्षी, छातीवरील केसांचा झुपका आणि मागची जागा स्पष्ट दिसलीच पाहिजे.

नेम डोके व मान यांवरच धरतात, कारण अंगात शिरलेल्या छर्ऱ्यांनी घायाळ झालेला पक्षी झाडीत जाऊन तडफडत मरतो. पिसारा फुलवलेला नर मान आखडून घेतो, तेव्हा थांबायचे. शिशाच्या छर्ऱ्यांना ४० यार्डांची मर्यादा मानीत आले आहेत. हाती आलेली संधी सोडणे हाच आम्हांस या विद्येचा अवघड भाग वाटतो.

अमेरिकेला हे शहाणपण उशिराच सुचले. बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक राज्यांतून टर्की नाहीसा झाला होता. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला. पुढे जाळ्यांत धरलेले रानटी पक्षी त्या ओस जंगलांत पुन्हा सोडण्यात आले.