चव्हाटा आणि चावडी

घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली, की त्या घराची अब्रू गेली, असे आपण म्हणतो. तीच गोष्ट कोणी चावडीवर नेली, की त्याने न्याय मागितला, असे म्हणतो. माणसे दोन्हीकडे जमतात. घरातले बोलणे दोन्हीकडे बाहेर येते. मग फरक तो काय? चव्हाट्यावर जमलेल्यांना फक्त पाहायचे असते. चावडीवर जमलेल्यांना काही ठरवायचे असते. हा फरक नीट समजून घ्यायचा असेल, तर मुंबईतला दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा जुना खटला पुन्हा एकदा पाहावा, असे मला वाटते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. वडील लहानपणीच वारले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात तशी मोकळीक होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजींशी लागले. लग्नानंतर त्या आईच्याच घरी राहिल्या आणि घरात बसून पुस्तकांवर शिकल्या. पुढे जाणत्या झाल्यावर त्यांनी सासरी नांदायला जाण्याचे नाकारले. तेव्हा १८८४ साली दादाजींनी उच्च न्यायालयात दावा लावला, की माझी बायको मला मिळावी.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी हा दावा फेटाळला. जाणत्या वयात राजीखुशीने लग्न केलेल्यांसाठी इंग्लंडात जो उपाय निघाला, तो अजाणपणी लग्न लागलेल्या आणि नवऱ्याच्या घरी कधीच न राहिलेल्या स्त्रीवर लादता येत नाही, असे त्यांच्या निकालाचे सार होते. १८८६ साली अपिलात तो निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी उत्तर दिले, की मी कैद भोगीन.

एवढा झाला कायद्याचा भाग. पण त्या तीन वर्षांत चव्हाट्यावर काय काय आले ते पाहा. आईचा पुनर्विवाह आला, वडिलांच्या मागे राहिलेली मिळकत आली. दादाजींची गरिबी आणि त्यांची प्रकृती हीदेखील भर न्यायालयात चर्चेला आली. दादाजी गरीब माणूस होते, हे विसरू नये. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची अब्रू उघडी पडायला वेळ लागत नाही. १८८७ साली त्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली आणि रखमाबाईंनी तिला वृत्तपत्रातून उत्तर दिले. मुंबईची पत्रे या खटल्याने भरली, विलायतेतही त्याची चर्चा झाली.

यात एक मोठी गंमत आहे. धर्माच्या आणि घरच्या बाबतीत सरकारने लुडबूड करू नये, असे म्हणणारा एक वर्ग होता. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे त्या बाजूची. पिन्हे यांच्या निकालाने तर घरचा प्रश्न घरीच राहू दिला होता! तरीही या वर्गाने त्याच निकालावर झोड उठवली. म्हणजे सरकार घरात नको. पण बायको पळवाट काढील, तर तिला परत आणायला सरकारचा तुरुंग मात्र हवा.

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही रीत ओळखीची वाटते. १८५९ सालचा एक कायदा होता. उचल घेतलेला कारागीर किंवा मजूर काम सोडून गेला, तर मॅजिस्ट्रेट त्याला परत कामावर जाण्याचा हुकूम देई आणि तो न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होई. मजुरी किती, काम किती तास, हा मालकाचा आणि मजुराचा खाजगी करार. पण करार मोडला की शिक्षा सरकारी! तो कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. न नांदणाऱ्या बायकोची कैद त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२३ साली गेली. इंग्लंडने तर आपल्या बायकांना ही कैद १८८४ सालीच माफ केली होती, म्हणजे ज्या साली दादाजींनी दावा लावला त्याच साली.

आणि त्याच १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्यातल्या मागण्या होत्या. गिरणीच्या भिंतीआडची गोष्ट त्यांनी अशी चावडीवर नेली. त्या अर्जात कोणा एका कामगाराच्या चुलीची हकीकत नव्हती. ती सगळ्यांच्या चुलीची हकीकत होती. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली.

रखमाबाईंनीही हेच केले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. खटला चालू असतानाच, १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत, 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे आली. खाली सही होती 'एक हिंदू स्त्री'. ती पत्रे रखमाबाईंची. त्यांनी आपले नाव झाकले आणि प्रश्न उघडा केला. लोकांनी नाव उघडे केले आणि प्रश्न झाकला. चावडी आणि चव्हाटा यांतला फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

१८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. १८८९ साली विलायतेला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढची कित्येक वर्षे सुरत आणि राजकोट येथे बायकांच्या इस्पितळांत राबल्या. गाजलेल्या खटल्याचे भांडवल त्यांनी केले नाही. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे पातळ नेसले, असे सांगतात. का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी एक पुस्तिका लिहिली. विषय होता पडदा नाहीसा करण्याची गरज.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या कलम ९ मध्ये नांदण्याचा दावा आजही आहे. कैद मात्र नाही. कलम २२ प्रमाणे अशा दाव्यांची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा वृत्तांत न्यायालयाच्या परवानगीवाचून छापता येत नाही. ज्या बाईने आपले नाव झाकून प्रश्न मांडला, तिचे म्हणणे कायद्याने एवढ्यापुरते तरी ऐकले. उरलेले आपण ऐकायचे आहे. उद्या शेजारच्या घरातून कोणी बोलू लागले, तर आपण पाहायला जमलो आहोत की काही ठरवायला, हे प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावे.