अंध उमेदवार

हेन्री फॉसेट हे नाव गेल्या शतकाआधीच्या आपल्या सुशिक्षितांस ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणून परिचित होते. हिंदी तिजोरीची बाजू ब्रिटिश पार्लमेंटात त्यांनी हट्टाने मांडली, हे सर्वश्रुत आहे. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी या अंध गृहस्थास किती वेळा मतदारांपुढे उभे राहावे लागले, तिकडे फारसे कोणी वळत नाही. आम्हांस ती हकीकतच अधिक मोलाची वाटते.

१८५८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, शिकारीत वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे लागून त्यांचे दोन्ही डोळे गेले. अवघ्या दोन वर्षांनी ते लंडनच्या सदर्कमध्ये उमेदवार म्हणून उभे राहिले. गाठीस पैसा नव्हता, पक्षाचे पाठबळ नव्हते. अखेर त्यांना माघार घ्यावी लागली. १८६३ साली केंब्रिजमध्ये ते हरले, १८६४ साली ब्रायटनमध्ये हरले. १८६५ साली त्याच ब्रायटनने त्यांना निवडून दिले. अंधांना वेगळ्या आश्रमांत कोंडून न ठेवता चारचौघांत वावरू द्यावे, असे त्यांचे आग्रहाचे मत होते. कीव त्यांना खपत नसे. मत मागावयाचे ते विचारांच्या बळावर.

सरकारी अहवाल ते वाचून घेत आणि त्यांतील आकडे मुखोद्गत ठेवीत. १८६७ साली तुर्की सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनच्या इंडिया ऑफिसात नृत्यसमारंभ झाला व त्याचा खर्च हिंदुस्थानच्या माथी मारण्यात आला. त्यावर त्यांनी जाब विचारला. (हिशेबतपासणी खात्यातील आमच्या वाचकांस हा प्रसंग खास रुचेल!) पुढे हिंदी जमाखर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीत त्यांनी अधिकाऱ्यांची कसून उलटतपासणी केली.

१८७४ साली ब्रायटनने त्यांना नाकारले. तेव्हा त्यांच्या पुढील निवडणुकीच्या खर्चासाठी हिंदुस्थानात वर्गणी गोळा झाली. ज्यांना स्वतःस एकही मत नव्हते, त्यांनी परक्या देशातील एका अंध उमेदवारासाठी पदरचे पैसे काढले! त्याच वर्षी हॅकनेतून ते पुन्हा निवडून आले.

१८८० साली ग्लॅडस्टन यांनी त्यांना पोस्टमास्तर जनरल केले, मंत्रिमंडळाच्या बैठकीत मात्र खुर्ची दिली नाही. एकेक पेनीची तिकिटे कागदावर चिकटवून गरिबांस बचत करता यावी, ही सोय त्यांच्याच कारकीर्दीतली. १८८३ साली पार्सलचे टपालही सुरू झाले. पुढच्याच वर्षी, ५१ व्या वर्षी, अधिकारपदावर असतानाच ते निवर्तले. तेव्हाही ते हॅकनेचेच सभासद होते.