मॉरिशसचा पास आणि नऊ हजारांचा अर्ज

वसाहतीच्या राज्यकारभाराचा इतिहास वाचू लागले की एक प्रश्न फिरून फिरून समोर उभा राहतो. सरकारने देखरेख ठेवली ती कोणावर? राबणाऱ्यावर, की राबवून घेणाऱ्यावर? या प्रश्नाचा माग आज आम्ही मॉरिशस बेटात काढणार आहोत. ते बेट आपल्याला अगदीच परके नाही. कलकत्ता आणि मद्रास यांप्रमाणे आपल्या मुंबई बंदरातूनही मजुरांची जहाजे तेथे गेली, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसे होती.

१८३५ साली मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे मात्र संपले नव्हते. आदल्याच वर्षी, १८३४ मध्ये, करारबद्ध हिंदी मजूर तेथे उतरू लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. प्रारंभीचा पगार महिना पाच रुपये. फसवणुकीचा बोभाटा झाल्यामुळे हिंदुस्थान सरकारने ही भरती काही वर्षे बंद ठेवली, आणि १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मजुरांच्या हितासाठी ‘संरक्षक’ नावाचा अधिकारी नेमण्यात आला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असेच या पदाविषयी म्हणावे लागते. संरक्षक वसाहत सरकारचा नोकर, आणि त्या सरकारच्या दरबारात वजन मळेवाल्यांचे!

मळ्यावरचा एक नियम सांगितला म्हणजे तेथील न्यायाची कल्पना येईल. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापीत. हजेरीचा पट कोणाच्या हाती? मालकाच्या माणसाच्या. मॅजिस्ट्रेटकडे दाद मागावी, तर तेथे जाण्यापायीच दिवस बुडायचा.

तरीही करार संपतो, माणूस मोकळा होतो. कोणी भाजीचा मळा करी, कोणी फेरीवाला होई. ही मोकळीकच मळेवाल्यांना खुपत होती. १८६७ साली बेटावर हिवतापाची भयंकर साथ चालू असताना या जुन्या मजुरांसाठी एक कडक कायदा झाला. प्रत्येकाने स्वतःच्या छायाचित्रासह पास जवळ बाळगायचा, पोलिसाने विचारताच दाखवायचा. छायाचित्र ही त्या काळी श्रीमंतांची हौस होती. येथे ती गरिबाच्या गळ्यातली बेडी झाली. पास घरी विसरला, जिल्हा ओलांडला, की माणूस ‘भटक्या’ ठरे. पोलीस अशा भटक्यांची अक्षरशः शिकार करीत. कराराबाहेरचे जगणे इतके दुष्कर करावयाचे की माणूस आपणहून पुन्हा मळ्याच्या करारावर अंगठा उठवील, हाच त्यातला मतलब होता, असे आम्हांला वाटते.

१८७१ च्या जून महिन्यात ९,४०१ जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे आला. तो तयार करण्यात पुढाकार होता आदोल्फ द प्लेव्हित्झ यांचा. हे गृहस्थ स्वतः एका मळ्याची व्यवस्था पाहात. म्हणजे घरच्याच माणसाने घरचे भांडे फोडले! मळेवाले खवळले. पोर्ट लुईच्या भर रस्त्यात द प्लेव्हित्झ यांना मारहाण झाली. पण अर्ज दडपता आला नाही. १८७२ मध्ये विल्यम फ्रियर आणि व्हिक्टर विल्यमसन यांचे शाही कमिशन बसले. यांतील फ्रियर हे मुंबई इलाख्याच्या नोकरीत मुरलेले, ब्रिटिश गियानातील मजुरांच्या चौकशीचाही अनुभव असलेले. १८७५ साली अहवाल आला. पोलिसांचा जाच, पगाराची कापाकापी, संरक्षकाची निष्क्रियता, सारे त्यात नोंदले गेले. १८७८ चा नवा मजूर कायदा या अहवालाचे फळ होय. दुहेरी कपात मात्र त्यानंतरही टिकली, हे विसरता येत नाही.

शिक्षणाची कथा त्याहून रोडकी. माणसाचा पास तपासायला पोलीस गावोगाव फिरत. त्याचे मूल शाळेत जाते की नाही हे पाहायला कोणी फिरत नव्हते. १८५० नंतरच्या दशकात गव्हर्नर हिगिन्सन यांनी हिंदी मुलांना सक्तीने शिकविण्याचा विचार पुढे आणला, पण तो तडीस गेला नाही. मूल शाळेत गेले की मळ्यावरचे दोन हात कमी होणार, आणि शाळेचा खर्चही कोणीतरी सोसायचा! १९०१ साली गांधीजी काही दिवस या बेटावर होते, तेव्हा त्यांनी तेथील हिंदी लोकांना मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्यास सांगितले. पुढे १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाले. आज तेथील शाळांतून मराठीही शिकवली जाते.

आणि ती छायाचित्रे? मजुरांच्या आगमनाच्या नोंदींसह ती मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. पोलिसांच्या सोयीसाठी केलेल्या त्या नोंदींत बापाचे नाव आहे, जात आहे, जिल्हा आणि गाव आहे. मजुरांचे पणतू-खापरपणतू आता तेथे येतात आणि आपले गाव कोणते, हे त्या पानांतून शोधून काढतात.